उंबरापर्यंतचं पाणी

हिंदी मुलखातल्या गुढियारी वस्तीतल्या पारिजात रेसिडेन्सीच्या गच्चीवर कुमुदताई पाचखेडे रोज सकाळी भरलेला तांब्या घेऊन कठड्याशी उभ्या राहात, तेव्हा खालून पाहणाऱ्याला वाटे, बाईंच्या मनात काही भलतंसलतं तर नाही? दूधवाल्या भैयाने तर एकदा सायकल तशीच टाकून वर हाक मारली होती, "दीदी, घर में सब ठीक है ना?" आता जीव द्यायला निघालेलं माणूस बरोबर तांब्या कशाला घेईल? पण घाईच्या वेळी दूध घालणाऱ्याने इतका विचार तरी कुठवर करायचा.

कुमुदताई पाहत असत तो उंबर. गल्लीपलीकडे सरकारी क्वार्टरांची भिंत, भिंतीपलीकडे ओसाड अंगण आणि अंगणाच्या टोकाला तो. नवऱ्याची, अनंतरावांची, सारी नोकरी त्या क्वार्टरात गेली, मुलगी देवयानी त्या अंगणात रांगली, आणि शिकूनसवरून न्यूझीलंडला निघाली तीही त्याच उंबराला नमस्कार करून. गावाबाहेरच्या माना विमानतळावर कुमुदताई रडल्या नाहीत. उलट "जा बाई, जा, उशीर होईल," असं म्हणत पोरीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तिला चांगली आत लोटली. घरी आल्यावर मात्र उंबराखाली मटकन बसल्या. उठल्या त्या संकल्प करूनच. पोरगी परत येऊन या उंबराखाली उभी राहीपर्यंत रोज याला माझ्या हातानं पाणी घालीन, आणि पाणी घातल्याशिवाय चहासुद्धा तोंडात घेणार नाही.

संकल्पात चहाचं नाव घ्यायला नको होतं, असं त्यांना पुढे बऱ्याचदा वाटलं. पण दत्तापुढे बोललेलं वाक्य काही पेन्सिलीने लिहिलेलं नसतं.

देवयानी 'पुढच्या वर्षी' येणार होती. ते पुढचं वर्ष दरवर्षी आणखी पुढे सरकत होतं. एकदा सुट्टी मिळेना, एकदा व्हिसाचे कागद अडकले, एकदा तर साऱ्या जगाचीच विमानं जमिनीवर बसली. उंबर मात्र रोजचं पाणी पीत उभा होता. अनंतराव निवृत्त झाले तेव्हा त्यांना शंकरनगराकडे फ्लॅट घ्यायचा होता. जन्मात काही न मागितलेल्या कुमुदताई म्हणाल्या, "जिथून उंबर दिसन, तिथं घ्या." म्हणून पारिजात रेसिडेन्सी. या इमारतीत लिफ्ट आहे, पार्किंग आहे, नावाच्या पाटीवर रोषणाई आहे. पारिजात तेवढा नाही.

क्वार्टरात नंतर राहायला आलेली मंडळी भली होती, ती कुमुदताईंना आत येऊ देत. पुढे अनंतरावांच्या खात्याने ती क्वार्टरं राहण्यास अयोग्य ठरवून रिकामी केली आणि फाटकाला कुलूप घातलं. चौकीदार तुळशीराम बाईंना ओळखणारा, तो कुलूप काढून देई. मग एका सकाळी फाटकावर कॅमेरा आला आणि तुळशीरामची मान खाली गेली.

"ऊपर ले आदेश आय हे, दाई. अब कोनो ला भीतर नइ छोड़ना हे." मग त्याने स्वतःच तोडगा काढला, पाणी आपण घालतो म्हणून. "लोटा मोला दे दे. मैं डार देहूँ."

कुमुदताईंनी नाही म्हणून मान हलवली. संकल्प 'माझ्या हातानं' असा होता. देव मोठा आहे, तो चालवून घेईल, हे त्यांना ठाऊक होतं. पण देव मोठा आहे म्हणून आपण लहान व्हावं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्या दिवसापासून त्यांनी आत जाता येईपर्यंतचं प्रायश्चित्त म्हणून एकभुक्त धरलं. सकाळी गच्चीवर उंबराकडे तोंड करून तांब्या कुंडीत रिता करायचा, चहा सोडायचा आणि दिवसाकाठी एकदाच जेवायचं.

"अवो, त्या झाडाले तुह्या तांब्याचं काय पडलं आहे?" अनंतराव म्हणत. "त्याचे मुळं आतापर्यंत खारून नदीले जाऊन लागले असतील."

"झाडाले गरज नसन," कुमुदताई हळूच म्हणत. "मले आहे."

यावर अनंतराव पेपर उघडत. पण बायकोच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरू लागल्या, तेव्हा त्यांचा पेपर उलटा आहे हे साऱ्या मजल्याला दिसू लागलं.

एके दिवशी त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट चढवला आणि खात्यात अर्ज घेऊन गेले. विषय: झाडाला पाणी घालण्याकरिता परिसरात प्रवेशाची परवानगी. खिडकीतल्या पोराने अर्ज दोनदा वाचला, मग उलटून पाहिला.

"अंकलजी, ये किस मद में आएगा? मरम्मत है, सर्वे है, तोड़फोड़ है. सींचना तो इसमें है ही नहीं."

"झाडाविषयीचं काही तरी असन ना बाप्पा?"

"है ना. काटने का फॉर्म है. दूँ?"

अनंतराव त्या खिडकीला चांगले ओळखत होते. तिच्या आतल्या बाजूला बसून त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना 'कल आइए' म्हटलं होतं. खिडकीला बाहेरची बाजूही असते आणि तिथे ऊन लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. घरी येऊन त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि बराच वेळ त्याच्याकडेच पाहत बसले.

आता बातमी फुटायला काय वेळ! सल्ले येऊ लागले. समोरच्या विमलाबाई साहू, म्हणजे मनाने लोणी आणि आवाजाने लाउडस्पीकर. त्या म्हणाल्या, "दीदी, मन में चढ़ा दो ना पानी. भगवान तो भाव का भूखा है."

"भाव पोचते विमलाबाई," कुमुदताई म्हणाल्या, "पाणी नाही पोचत."

राज्याच्या नव्या राजधानीतल्या कुठल्याशा कार्यालयात काम करणारी खालच्या मजल्यावरची साक्षी मराठी घरातलीच, पण तिला मराठी कानाने येत असे, तोंडाने नाही. "काकी, ड्रोन से डाल दो. रिमोट आपके हाथ में रहेगा, तो हाथ आपका ही हुआ ना?" यात शास्त्रार्थाला खरोखरच जागा होती आणि कुमुदताईंनी त्यावर रात्रभर विचारही केला. पण घुर्र घुर्र करत येणारा तांब्या पाहून उंबरावरचे हरियल उडून जातील, म्हणून त्यांनी तो नाकारला. सोसायटीचे सचिव इंद्रजीतजी ठाकूर यांनी सल्ला दिला नाही, नियम सांगितला: छत से कोई भी वस्तु फेंकना मना है. पाणी ही वस्तू आहे की नाही, यावर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली आणि ती पार्किंगवर जाऊन संपली.

अनंतरावांनी मात्र मनात काही तरी घेतलं होतं. पुढल्या सकाळी ते गच्चीवर टाकीचा पाइप घेऊन आले. पाइप कुमुदताईंच्या हाती दिला आणि टोकाशी अंगठा दाबायला सांगितलं. पाणी कठड्यावरून जेमतेम खाली उतरलं आणि गल्लीत पडलं. मग त्यांनी टुल्लू पंप आणला. आता पाणी गल्लीच्या मध्यापर्यंत गेलं. तिथे इंद्रजीतजी अंघोळ करून, टिळा लावून, महामायेच्या देवळात जायला स्कूटर काढत होते. त्यांचा टिळा ओघळून मिशीत उतरला. कुमुदताई वरूनच हात जोडून उभ्या राहिल्या. त्या जोडलेल्या हातांत पाइप तसाच होता, त्यामुळे माफी मागता मागता इंद्रजीतजी दुसऱ्यांदा भिजले.

माफीसाठी अनंतराव स्वतः त्यांच्या घरी गेले, विमलाबाईंकडून आणलेला ठेठरी-खुरमीचा फराळ घेऊन. इंद्रजीतजी डोकं पुसत बसले होते आणि फुरफुरत होते. पण त्यांचं खरं दुःख दुसरंच निघालं. इमारतीची आगीची एनओसी अडली होती. गच्चीवर लाल डब्यात आग विझवायचा पाइप होता, टाकीला मोठा पंप होता, पण तो चालतो हे दाखवणारी कवायत झालेली नव्हती. वर्षानुवर्षं डबा उघडला नव्हता. त्यात कबुतरांची तिसरी पिढी नांदत होती.

"मॉक ड्रिल करनी है, फोटो भेजना है, और कोई पाइप पकड़ने को तैयार नहीं," इंद्रजीतजी म्हणाले.

अनंतरावांच्या हातातली खुरमी तशीच राहिली. "पाइप आमच्या घरचे धरतील," ते म्हणाले.

मग दोघा पुरुषांनी डोकी जुळवून कवायतीचा कागद लिहिला. कुठे तरी आग लागली आहे असं मानायला हवं होतं. इंद्रजीतजींनी लिहिलं की उंबराच्या झाडाला आग लागली असे समजावे. कुमुदताईंनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला. "औदुंबराले आग कायले लावता? शुभ बोला ना जरा." शेवटी 'झाडाच्या आसपास किंचित धूर दिसत आहे' एवढ्यावर तडजोड झाली. आग विझवण्याच्या इतिहासात इतकी सौम्य आग क्वचितच लागली असेल.

कवायत रविवारी ठरली. देवयानीचाही फोन रविवारीच येई, इकडे सकाळ आणि तिकडे दुपार. ती तिकडच्या शाळेत फिजिक्स शिकवत असे. बेत ऐकून तिने हातातला चमचा ताटलीत टाकला.

"बाबा, फायरचा पाइप मजाक नाही. आई, इकडे लक्ष दे. पाणी जेवढ्या जोरानं पुढं जाते ना, तेवढ्याच जोरानं धरणाऱ्याले मागं ढकलते. पाण्याले वजन असते, वेग असते. तू त्याले पुढं लोटतेस, ते तुले मागं लोटते. आणि हे एकदाच नाही, जोपर्यंत पाणी सुरू आहे तोपर्यंत. समज, रिकामं सिलिंडर कोणी तुह्या छातीवर टेकवून दाबूनच राहिलं आहे."

"माहीत आहे मले," कुमुदताई म्हणाल्या.

"तुले कसं माहीत असन?"

कुमुदताईंना विमानतळावर तिच्या पाठीला लावलेला आपला हात आठवला. त्यांचं लक्ष पडद्यावरच्या देवयानीच्या कानशिलाकडे होतं. तिथे एक पांढरा केस होता. मागल्या रविवारी नव्हता. की होता, आणि उजेड वेगळा होता?

"एक पाय पुढं, एक मागं," देवयानी सांगत होती. "पुढं झुकायचं. दोन्ही हातानं गच्च धरायचं. आणि मागं कोणीतरी खांदा लावून उभं पाहिजेच. बाबा, आणि पंचेचाळीस अंश-बिंश करू नका. उंचावरून फेकता ना, तर थोडं खालीच ठेवावं लागते."

"खात्यात आम्ही पंचेचाळीसच धरत होतो," अनंतराव म्हणाले. खात्यात ते खिडकीबरोबर स्टोअरही सांभाळत आणि पाइप मोजून देत, ही गोष्ट वेगळी. त्यांच्या हातात देवयानीच्याच शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक होता. ती पेटी कुमुदताईंनी जपून ठेवली होती. आत खोडरबराचा तुकडासुद्धा तसाच होता.

"आई, सुन रही है ना तू? काय सांगतलं मी?"

"तू जेवत नाहीस का नीट?" कुमुदताई म्हणाल्या.

नऊ वाजता सारी इमारत गच्चीवर होती. मार्गशीर्षातली कोवळी थंडी, उन्हाला जेमतेम धग. विमलाबाईंनी पहाटेच चार धोतरांवर रखिया बड्या घालून ठेवल्या होत्या. कोहळा किसून, डाळ वाटून, फेटून घातलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र बड्या रांगेने वाळत होत्या. "दीदी, उधर मत आने देना पानी," त्यांनी बजावलं. "पाणी तिकडं जाईन, इकडं कायले येते," अनंतराव म्हणाले. पाणी पुढे फेकलं की मागे काही येत नाही, हा त्यांचा समज लेकीने सांगूनही पक्काच होता.

साक्षी मोबाइल धरून चित्रणाला उभी राहिली. इंद्रजीतजी पाणी सोडायच्या लाल चाकापाशी बसले. अनंतराव कोनमापक डोळ्याशी लावून कधी पुढे होत, कधी मागे.

आणि कुमुदताई? त्यांनी स्नान केलं होतं, धुवट पातळ नेसलं होतं, पाइपच्या पितळी तोटीला हळदकुंकू लावलं होतं. चप्पल जिन्यात काढून त्या उंबराकडे तोंड करून दोन्ही पाय जुळवून उभ्या राहिल्या. एक पाय पुढे टाकून कुस्तीगिरासारखं देवापुढे उभं राहायचं, हे त्यांच्या पायांना ठाऊकच नव्हतं. आणि तोटी त्यांनी धरली नाही, ओंजळीत घेतली. अर्घ्य देताना जशी ओंजळ करतात, अंगठे बाजूला, बोटं जुळलेली, तशी. देवाला द्यायची वस्तू मुठीत आवळून धरायची नसते. आईने त्यांना लहानपणी शिकवलं होतं, आणि आईला अग्निशमनातलं काही कळत नव्हतं.

"खोलूँ?" इंद्रजीतजींनी विचारलं.

"हळूहळू," अनंतराव म्हणाले.

चाक फिरलं. चपटा पाइप फुगत फुगत सापासारखा जागा झाला. तोटीतून आधी कबुतरांची पिसं आली, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ धार. ती कठड्यापलीकडे वाकून गल्लीत पडली.

"अजून!"

धार लांबली, भिंतीवर आदळली. कुमुदताईंना तळहातांवर कोणी तरी हळूच टेकल्यासारखं वाटलं. लहान मूल झोपेत डोकं टेकवतं तसं.

"अजून! इंद्रजीतजी, अजून!"

धार भिंतीवरून पलीकडे गेली. तिची कमान झाली. वर चढताना ती एकसंध होती, खाली उतरताना तिचे मोती होत होते. अंगणातलं वाळकं गवत भिजलं, जुन्या नळाचा ओटा भिजला, देवयानी जिच्यावर बसून पाढे म्हणायची ती पायरी भिजली. प्रत्येक पावलागणिक पाणी उंबराच्या जवळ जात होतं आणि प्रत्येक पावलागणिक कुमुदताईंच्या हातांवरचा दाब वाढत होता. पाणी जितकं तिकडे पोचतं आहे तितकं आपल्याला इकडे लोटतं आहे, हे त्यांना स्पष्ट कळलं. तरी त्यांच्या तोंडून शब्द निघाला तो "अजून."

इंद्रजीतजी हे फार आज्ञाधारक गृहस्थ. त्यांनी चाक पुरतं फिरवलं.

पाणी उंबरावर पडलं. वरच्या फांद्या हलल्या, हरियलांचा थवा उडाला आणि धुतलेली पानं उन्हात चमकली. कुमुदताईंनी ते डोळे भरून पाहिलं. पण डोळे भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ. पुढच्या क्षणी त्या पाय जुळलेले तसेच, हात ओंजळीचे तसेच, देव्हाऱ्यातली मूर्ती कोणी उचलून मागे ठेवावी तशा मागे निघाल्या. अनंतराव कमान नीट दिसावी म्हणून नेमके तेव्हाच मागे सरकले होते. कोनमापकासकट ते पाठमोऱ्या बायकोच्या वाटेत आले आणि दोघं मिळून रखिया बड्यांच्या तिसऱ्या धोतरावर बसले.

तोटी मोकळी सुटली. ती गच्चीभर अशी नाचली की सांगता सोय नाही. आधी डावीकडे वळून तिने साक्षीला गाठलं, मग उजवीकडे वळून टाकीवरची डिशची छत्री पाडली, मग उताणी होऊन आकाशाला अर्घ्य दिलं आणि ते सगळं इंद्रजीतजींवर उतरलं. पाणी जोरात आणि धरणारं कोणी नाही, म्हणजे जो तो तिच्या तावडीत. तीन मजल्यांची माणसं गच्चीवर कबड्डी खेळल्यासारखी पळत होती. एका फेऱ्यात ती कठड्यावरून पलीकडे झेपावली, क्वार्टरांच्या फाटकावरचा कॅमेरा फिरवून त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि खुर्चीत शेंगा सोलत बसलेल्या तुळशीरामला चिंब करून परत आली.

"बंद करो! अरे बंद करो!" विमलाबाई ओरडत होत्या. "मोर बड़ी! हाय राम, मोर जम्मो बड़ी!"

"चाक कुठं गेलं?" इंद्रजीतजी ओरडत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी गेलं होतं आणि चाकाऐवजी ते विमलाबाईंच्या पाटा-वरवंट्यातला वरवंटा फिरवत होते.

शेवटी टाकीच रिकामी झाली. धार दमली, गुळगुळली आणि थांबली. गच्चीवर घोट्याइतकं पाणी उभं राहिलं आणि त्यावर बड्या राजहंसांसारख्या तरंगू लागल्या.

"लागलं का वं?" अनंतरावांनी विचारलं. ते अजून खालीच होते आणि बायको त्यांच्या मांडीवर होती. लग्नानंतर चारचौघांत असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता.

"नाही," कुमुदताई म्हणाल्या. "तुम्ही होते ना मागं."

"मी होतो?" अनंतरावांना फार आश्चर्य वाटलं.

त्या दिवशी चहा घ्यावा की नाही, यावर कुमुदताई बराच वेळ उंबरठ्यावर बसून होत्या. पाणी पोचलं तेव्हा तोटी हातात होती की सुटली होती? साक्षीच्या मोबाइलमध्ये सगळं होतं. पण नेमक्या त्या क्षणी तिच्या तोंडावर पाणी आलं होतं आणि मोबाइलमध्ये उरलं होतं ते फक्त तिचं किंचाळणं. शेवटी त्यांनी अर्धा कप घेतला. शंका अर्धी होती, म्हणून.

सोमवारी खात्याचे कनिष्ठ अभियंता ऋषिकेश देवांगन कागद घेऊन आले. सरकारी परिसरात विनापरवाना पाणी सोडल्याची तक्रार होती. तिशीतला मुलगा, चेहऱ्यावर झोप कमी. त्याला मराठी नीट समजे; त्याचं आजोळ गोंदियाचं. पण बोले हिंदीतच.

इंद्रजीतजींनी त्याआधी साऱ्यांना गोळा करून पढवलं होतं. "सबको एक ही बात कहनी है. हवा से छींटे उड़े. पेड़ तक पानी पहुँचा ही नहीं. पानी नहीं पहुँचा तो केस नहीं. समझ गईं, भाभीजी?" कुमुदताईंनी मान हलवली. त्यांना समजलं होतं. पटलं होतं असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

आता नियमाची गंमत पाहा. झाडाला पाणी घालायला आत जाऊ द्यावं, असा नियम खात्यात नव्हता. पण झाडाला पाणी घातल्याचा आळ ज्याच्यावर असेल त्याच्या समक्ष जागेची पाहणी करावी, असा नियम होता, आणि तो अगदी पोटकलमासकट होता. म्हणजे भक्त म्हणून जे कुलूप उघडलं नाही, ते आरोपी म्हणून उघडलं. तुळशीरामने फाटक ढकललं आणि बाईंना पाहून तो गालातल्या गालात हसला. अजून त्याचा मफलर वाळत होता.

"ये लोटा किसलिए, आंटी?" देवांगनसाहेबांनी विचारलं.

"पाणी आहे," कुमुदताई म्हणाल्या. खोटं त्या कधीच बोलत नसत.

उंबराखाली ओल होती. खोडावर पाणी ओघळल्याच्या रेषा वाळल्या होत्या. खाली पडलेल्या उंबरांचा गोडसर वास तसाच होता, आणि बुंध्याशी पाणी घालून घालून झालेलं आळंही. साऱ्यांनी माना खाली घातल्या. इंद्रजीतजी घसा खाकरले.

"तो बताइए," साहेब म्हणाले, "पानी इस पेड़ तक पहुँचा था?"

अनंतरावांनी हळूच बायकोकडे पाहिलं. नाही म्हटलं की कागद फाटतो. प्रकरण संपतं, माणसं घरी जातात. आणि पाणीही पोचलेलं नसतं.

"पोचलं," कुमुदताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण तो साऱ्यांना ऐकू गेला. "शेंड्यापासून पोचलं. पानं हलले, मी पाहिलं. माह्याच हातून पोचलं."

इंद्रजीतजींनी कपाळाला हात लावला. कुमुदताईंनी तोवर आळ्याशी वाकून तांब्या रिता केलाही होता. देवांगनसाहेब लेखणी उघडून पाहत राहिले. मग विचारलं, "काहे के लिए इतना सब?"

उत्तर विमलाबाईंनी दिलं, त्यांच्या लाउडस्पीकरवरून. पोरगी परदेशात, पोरगी येईपर्यंतचं पाणी, पाण्याआधी चहा नाही, आणि या पाण्यापायी माझ्या चार धोतरांच्या बड्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग कागदावर बरंच काही लिहिलं आणि सरकारी आवाजात वाचून दाखवलं. आरोप संबंधितांना मान्य. झाडाला हानी झाली वा कसे, हे लगेच सांगता येत नाही. करिता प्रकरण निकाली निघेपर्यंत संबंधितांनी रोज सकाळी जागेवर हजर राहून झाडाची स्थिती चौकीदारास दाखवावी.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. सर्वांत आधी कळलं ते अनंतरावांना, ते खात्यातलेच.

"साहेब, असं प्रकरण निकाली निघायले किती दिवस लागते?"

"काकाजी, आप तो विभाग के आदमी हैं," लेखणी बंद करत साहेब म्हणाले. "आप ही बताइए."

आणि अनंतराव त्या कुलूपबंद अंगणात इतके मोठ्याने हसले, की हरियल पुन्हा उडाले.

तेव्हापासून पारिजात रेसिडेन्सीतून रोज सकाळी एक आरोपी तांब्या घेऊन निघते. गुन्ह्याच्या जागी जाते, गुन्हा करते आणि घरी येऊन चहा पिते. एकभुक्त सुटलं. विमलाबाईंच्या बड्या कुमुदताईंनी स्वतः कोहळा किसून घालून दिल्या. आरतीच्या शेवटी त्या आता एक मागणं जास्त मागतात: खात्याचा कारभार आहे तसाच सावकाश राहू दे.

पुढल्या रविवारी देवयानीचा फोन आला तेव्हा त्या उंबराखालीच होत्या. आधी ती चित्रण आठवून पोट धरून हसली. "आई, तू पाइप अर्घ्यासारखा धरला! माह्या साऱ्या वर्गाले दाखवलं मी." मग म्हणाली, "फोन जरा वर धर. झाड दाखव."

कुमुदताईंनी फोन वर धरला. फांद्या, पानं, आळं, पायरी.

"आई," देवयानी म्हणाली, "पण केस खतम झाली तर?"

"तिच्याआधी तू ये," कुमुदताई म्हणाल्या.

देवयानीने मान हलवली. या खेपेस ती 'पुढच्या वर्षी' म्हणाली नाही. तिकडे कोणी तरी तिला हाक मारली, तिने मागे वळून "येते" म्हटलं आणि पुन्हा पडद्यात पाहिलं.

"जा बाई, जा," कुमुदताई हसून म्हणाल्या. "उशीर होईल तुले."

बोलता बोलता त्यांनी दोन्ही हातांनी फोन गच्च धरला आणि एक पाय मागे घेऊन मातीत नीट रोवला. मागे तुळशीरामशी गप्पा मारत असलेले अनंतराव, कोणी काही सांगितलं नव्हतं तरी, गप्पा अर्ध्यावर टाकून आले आणि त्यांच्या पाठीशी खांदा लावून उभे राहिले.

मग फोन बंद झाला.